जुन्या दगडी पुलांची डागडुजी करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
जुन्या दगडी कमानी पुलांची पाहणी, डागडुजी आणि जतन ज्यांच्याकडे आहे असे सर्व अभियंते, वास्तुविशारद आणि वारसा समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या पाहणी अहवालांचा मी जुना वाचक आहे. असले कागद कोणी हौसेने वाचतो हे ऐकून लोक हसतात, पण दगडी पुलांचे वेड असलेल्या माणसाला त्या रुक्ष मजकुरातही बरेच काही सापडते. गाळे किती, कमानीची उंची किती, खांबाची जाडी किती, दर्जा (दगडांमधले सांधे) कुठे उघड्या पडल्या आहेत, कठड्याचे चिरे कुठे निखळले आहेत, पिंपळाची मुळी कुठल्या सांध्यात शिरली आहे, सगळे तपशीलवार असते. लोक त्या पुलाबद्दल काय सांगतात, हे मात्र कुठेच नसते. फार तर माहितीफलकाच्या तळाशी एक ओळ येते की या पुलाविषयी एक दंतकथाही प्रचलित आहे. ती कोणती, हे सांगण्याआधीच फलक संपतो.

माझी मागणी एवढीच आहे: पाहणीच्या नमुन्यात गोष्टीसाठी एक रकाना ठेवा, आणि तो भरून झाल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नका.

तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पूल पडायला आला आहे आणि याला सैतानाच्या गोष्टी सुचताहेत! पण जरा दम धरा. मी गोष्टींना दागिना म्हणून मिरवा असे म्हणत नाही. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी दगडाकडे नीट बघितल्याशिवाय सुचणाऱ्याच नाहीत, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात तुमच्याच धंद्यातल्या एका शहाण्या माणसापासून करतो. फ्रान्समध्ये काओर इथे लो नदीवर व्हालांत्रे पूल आहे. काम १३०८ मध्ये सुरू झाले आणि कित्येक दशके रेंगाळले. गोष्ट अशी की या रखडपट्टीने बेजार झालेल्या मुख्य गवंड्याने सैतानाशी करार केला. गवंडी सांगेल ते काम सैतानाने निमूट करायचे, आणि पूल पुरा झाला की गवंड्याचा आत्मा त्याचा. पूल होत आला तसा गवंडी भानावर आला. त्याने शेवटचे काम सांगितले: कामगारांना प्यायला पाणी आण, पण या चाळणीतून. सैतान हरला. मात्र हार पचवील तो सैतान कसला? मधल्या बुरुजाच्या वरच्या कोपऱ्यातला एक दगड त्याने उपटला. गवंड्यांनी दिवसा तो बसवायचा आणि सैतानाने रात्री येऊन तो काढून टाकायचा, असे चालू झाले.

१८७९ मध्ये या पुलाच्या मोठ्या डागडुजीचे काम पॉल गूट या वास्तुविशारदाकडे होते. त्याच्यासमोर तो कोपरा होता. साधा घडीव चिरा बसवून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने तिथे एक छोटा सैतान कोरून बसवला. अजून तो तिथे आहे, बुरुजाच्या कडेला चिकटून, दगड उपटण्याच्या खटाटोपात. आता म्हणे त्याची बोटे फटीत अडकली आहेत आणि म्हणून दगड जागेवर राहतो! बघा, दुरुस्ती पुरी झाली, बुरूज सांधला गेला, कोणाचीही फसवणूक झाली नाही, कारण ते शिल्प एकोणिसाव्या शतकातले आहे हे कोणी लपवलेले नाही. आणि गोष्ट बंद पडण्याऐवजी तिला पुढचा भाग मिळाला. एवढ्या नेमकेपणाने केलेली दुरुस्ती माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

स्वित्झर्लंडच्या ऊरी प्रांतात रॉइस नदीच्या घळीवर 'सैतानाचा पूल' आहे. तिथल्या गोष्टीत सैतानाने पूल बांधून दिला तो पुलावरून जाणारा पहिला जीव त्याचा, या अटीवर. लोकांनी बोकड पाठवला, आणि चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला एक प्रचंड धोंडा उचलला. एका म्हातारीने त्या धोंड्यावर क्रूस काढला आणि सैतानाला तो तिथेच टाकून पळावे लागले. हा धोंडा सुमारे २२० टनांचा. १९७० च्या दशकात गोटहार्डच्या रस्त्याच्या बोगद्याचे काम निघाले तेव्हा तो नेमका आड आला. सुरुंग लावणे स्वस्त आणि सोपे होते. पण लोकांनी विरोध केला, आणि सुमारे तीन लाख फ्रँक खर्चून तो धोंडा १२७ मीटर सरकवण्यात आला. एका गोष्टीसाठी एवढा पैसा उधळला, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, बोगद्याच्या एकूण खर्चात तो किस झाड की पत्ती.

ही झाली गोष्टीला मान दिल्याची उदाहरणे. आता ज्या मुद्द्यासाठी पत्र लिहायला बसलो त्याकडे येतो.

चीनच्या हबेई प्रांतातला चाओचौ पूल तुम्हाला नव्याने सांगायला नको. सुई राजवटीत, इसवी सन ६०५ च्या सुमारास ली छुन याने तो बांधला. एकच गाळा, सुमारे ३७ मीटरचा, आणि कमानीची उंची जेमतेम सात मीटर. कमानीच्या खांद्यांवर, म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या उतरत्या भागांवर, दोन-दोन लहान कमानी, म्हणजे वजनही कमी आणि पुराच्या पाण्यालाही वाट. लोककथेत मात्र ली छुन नाही. तिथे हा पूल सुतार-गवंड्यांचा आद्य गुरू लू बान याने एका रात्रीत बांधला. त्याची परीक्षा घ्यायला एक सिद्धपुरुष गाढवावर बसून आला, झोळीत सूर्य-चंद्र घेऊन. त्याच्याबरोबर दुसरा, ढकलगाडीत डोंगर भरून. दोघे पुलावर चढले आणि पूल थरथरू लागला. लू बानने नदीत उडी घेतली आणि खालून हात लावून कमान तोलून धरली. पुलावर गाढवाच्या खुरांचे ठसे उमटले, गाडीच्या चाकाची चाकोरी उमटली, आणि कमानीच्या पोटाला लू बानच्या हाताचा ठसा.

चिनी पूलतज्ज्ञांनी या खुणांबद्दल एक तर्क मांडला आहे. कमान २८ स्वतंत्र पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधली आहे. कडेच्या पट्ट्या बाहेर कलण्याचा धोका कायमचा, आणि कडेच्या काही पट्ट्या मधल्या शतकांत खरोखर कोसळल्या, पुन्हा बांधाव्या लागल्या. अशा पुलावर जड गाडी अगदी कडेने जाऊ नये. तेव्हा खुरांचे ठसे आणि चाकोरी म्हणजे जड गाडीने कुठून जावे याची खूण, आणि हाताचा ठसा म्हणजे दुरुस्तीच्या वेळी खालून टेकू कुठे द्यावा याची खूण. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्या गाडीवानालाही पाठ होईल अशी. तर्कच आहे हा, शिलालेख नव्हे. पण समजा तो निम्मा जरी बरोबर असला, तरी अशी खूण 'पृष्ठभागावरील किरकोळ खड्डा' म्हणून नोंदवून बुजवली गेली तर काय गेले? पुलाची वापर-पुस्तिका गेली.

दुसरे उदाहरण जरा अंगावर येणारे आहे. बाल्कन प्रदेशात पूल आणि किल्ले यांच्या पायात बाई चिणल्याच्या गोष्टी जागोजाग आहेत. अल्बेनियातल्या श्कोदर इथल्या रोझाफा किल्ल्याची कथा त्यांतली प्रसिद्ध. तीन भावांनी बांधलेली भिंत रोज रात्री ढासळायची, म्हणून धाकट्याच्या बायकोला भिंतीत उभे केले. तिने विनवले की उजवा हात, उजवा पाय आणि उजवा स्तन तेवढा मोकळा ठेवा, म्हणजे माझ्या तान्ह्याला कुरवाळता येईल, पाळणा हलवता येईल, दूध पाजता येईल. किल्ल्याच्या दारापाशी भिंतीतून पांढरट पाणी झिरपते, ते तिचे दूध. बोस्नियातल्या विशेग्राडचा पूल १५७७ मध्ये पुरा झाला. थोर वास्तुकार सिनान याची ती रचना, अकरा कमानींची. तिथे स्तोया आणि ओस्तोया ही जुळी भावंडे चिणल्याचे सांगतात, आणि दगडांमधून येणारे पांढरे ओघळ म्हणजे त्यांच्या आईचे दूध.

तुम्ही अभियंते आहात. दगडी बांधकामातून पांढरा ओघळ येतो म्हणजे काय, हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही. वरचे पावसाचे पाणी भरावातून झिरपते, सांध्यातला चुना विरघळवत खाली येते, बाहेर हवा लागली की चुना पांढरा होऊन थिजतो. म्हणजे सांध्यातला चुना दरवर्षी थोडा थोडा वाहून चालला आहे. ज्या पुलाखाली 'दूध' येते अशी पिढ्यानपिढ्यांची कथा आहे, तिथे पाणी कुठल्या कमानीत, कुठल्या बाजूने शिरते, याचे शेकडो वर्षांचे निरीक्षण त्या कथेत आहे. तुमच्या यंत्राकडे आजची ओल आहे. गोष्टीकडे आजीच्या आजीच्या वेळची ओल आहे. दोन्ही ताडून पाहायला काय हरकत आहे?

आणि इथे एक तक्रार नोंदवूनच पुढे जातो. हा पांढरा ओघळ दिसला की पुष्कळदा आधी तो घासून काढला जातो आणि मग दर्जा सिमेंटने भरल्या जातात. ओघळ थांबतो, छायाचित्र छान येते, बिल मंजूर होते. पाणी मात्र थांबलेले नसते. ते आत कोंडते. जुना चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. ते चिऱ्यापेक्षा कडक असले तर पुढच्या काही वर्षांत चिऱ्यांचीच तोंडे सोलून निघतात. उपाय वर, रस्त्याच्या थराखाली आणि पाणी निचऱ्याच्या नळ्यांत असतो. हे तुम्हाला माहीत आहे. ठेकेदारालाही माहीत असावे, एवढीच इच्छा.

बांधलेले रात्री पडते, हे तर या कथांचे धृपदच. ग्रीसमधल्या आर्ताच्या पुलाचे गाणे घ्या. पंचेचाळीस मिस्त्री आणि साठ उमेदवार, दिवसभर बांधायचे आणि रात्री सगळे कोसळायचे. हसण्यावारी न्यायच्या आधी वेल्समधल्या पाँटिप्रिथच्या पुलाचा इतिहास आठवा. इथे सैतान नाही, विल्यम एडवर्ड्स नावाचा हाडामांसाचा गवंडी आहे, जो धर्मोपदेशकही होता. १७४६ मध्ये त्याने टाफ नदीवरच्या पुलाचे काम अंगावर घेतले. पहिला अनेक गाळ्यांचा पूल पुराने नेला. मग त्याने नदीत खांबच नको म्हणून एकच मोठी कमान टाकायचे ठरवले, तर तीही पडली. खांद्यांवरचा भराव जड आणि माथा हलका, त्यामुळे खांदे दबले आणि माथा वर उचलला जाऊन फुटला. शेवटी खांद्यांत प्रत्येक बाजूला तीन गोल भोके ठेवून त्याने वजन कमी केले, आणि १७५६ मध्ये ४३ मीटरांची कमान उभी राहिली ती आजतागायत. त्या काळातल्या एखाद्या गावकऱ्याने हे सगळे बघून कोणीतरी पूल उभा राहू देत नाही असे म्हटले असेल, तर त्याने पाहिलेले खोटे नव्हते. कारण तेवढे चुकले.

कारण कळायचीही पंचाईतच होती. लोंबती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो, हे इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये छापले तेदेखील अक्षरांच्या कोड्यात, आणि त्याची उकल त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आली. आर्ता, विशेग्राड, काओर इथले गवंडी त्याच्याही आधीचे. त्यांच्याजवळ ओळंबा होता, दोरी होती, आधी पडलेल्या पुलांची आठवण होती. चुना घट्ट व्हायला महिने लागतात, डोंगरातला पूर सांगून येत नाही, आणि किल्लीचा दगड (कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा चिरा) बसेपर्यंत कमान म्हणजे लाकडी साच्यावर टेकलेला दगडांचा ढीग असते. रात्री काहीही होऊ शकत होते.

आणि साचा काढायचा दिवस! या कथांमध्ये मला सर्वांत खरा वाटतो तो हा क्षण. पाचर सैल केली की कमान कुरकुरते, सांधे दाबले जातात, माथा थोडा खाली बसतो, आणि तेवढ्या वेळात ती उभी राहणार की नाही हे ठरते. बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाचा वास्तुकार हायरुद्दीन. पूल पडला तर मुंडके उडवीन, असे सुलतानाने त्याला बजावले होते म्हणतात. आणि साचा काढायच्या दिवशी तो स्वतःची कबर खणून बसला होता. कोणी म्हणते, तो गावातून पळूनच गेला. पूल उभा राहिला, १५६६ मध्ये. तो ९ नोव्हेंबर १९९३ रोजी तोफगोळ्यांनी पाडला गेला, आणि २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, तसल्याच स्थानिक दगडात, तशाच लोखंडी पकडी शिसे ओतून बसवून. पुनर्बांधणीच्या वेळी जुन्या सांध्यांचा केवढा बारीक अभ्यास झाला हे तुम्हाला ठाऊक आहे. हायरुद्दीनच्या कबरीची गोष्ट मात्र अभ्यासकांच्या नाही, वाटाड्यांच्या तोंडी राहिली.

पहिला जीव सैतानाचा, ही अटही मी याच क्षणाशी जोडतो. ऊरीत बोकड गेला. जर्मनीत रेगेन्सबुर्गला कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा गेले. वेल्समधल्या पाँटारव्हीनाखला आणि इंग्लंडमधल्या कर्बी लॉन्सडेलला म्हातारीने पुलावरून पाव फेकला आणि त्यामागे कुत्रा धावला. नव्या कमानीवर पहिले पाऊल कोणी टाकायचे, हा प्रश्न साचा काढल्यावर प्रत्येक ठिकाणी उभा राहिला असणार. ज्याचा जीव स्वस्त त्याला पुढे घाला, हे उत्तरही तितकेच जुने. आज तुम्ही वाळूची पोती भरलेले ट्रक उभे करून भारचाचणी घेता. कुत्र्यांनी तुमचे आभार मानायला हवेत.

(जाता जाता: वेल्समध्ये त्या जागी एकावर एक असे तीन पूल आहेत. सर्वांत खाली मध्ययुगीन, त्यावर १७५३ चा दगडी, आणि त्यावर १९०१ चा लोखंडी. नव्यासाठी जुना पाडला नाही. हेही जमते.)

नदीच्या तळाच्या गोष्टी मी मुद्दाम वेगळ्या काढतो, कारण तिथे दुर्लक्ष महागात पडते. खांबाजवळ माणसांना ओढून नेणारा कोणीतरी राहतो, अशी कथा असली की मी कान टवकारतो. व्हल्टावा नदीत चेक लोकांचा व्होदनीक राहतो, बुडालेल्यांचे जीव साठवणारा हिरवा जलपुरुष. त्याच नदीवर प्रागचा चार्ल्स पूल आहे. १८९० च्या पुरात वाहून आलेले ओंडके त्याच्या कमानींपाशी तटले, खांबांखालचा तळ खरवडला गेला आणि तीन कमानी पडल्या. खांबावर आदळलेले पाणी खाली वळते, पायथ्याशी भोवरा करते आणि पायाखालची वाळू उपसते. जगभर पूल पडण्याच्या मोठ्या कारणांत हे एक आहे, आणि ते वरून दिसत नाही. तिसऱ्या खांबाशी पोहू नये, तिथला डोह माणूस मागतो, असे कोणी सांगितले तर पाणबुड्याला आधी तिथेच उतरवा. भूत मिळणार नाही. खड्डा मिळण्याची शक्यता बरी आहे.

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा प्रत्येक गप्पेला अहवाल समजतो.

गोष्टी बेधडक खोटे बोलतात. रेगेन्सबुर्गच्या कथेत पूल बांधणारा आणि कॅथेड्रल बांधणारा यांची पैज लागते, आणि पैज जिंकायला पूलवाला सैतानाला बोलावतो. पूल ११३५ ते ११४६ या काळातला. आजचे कॅथेड्रल उभारायला सुरुवात झाली ती १२७३ च्या आसपास. सव्वाशे वर्षांचे अंतर असलेल्या दोन माणसांची पैज लागली! तरी त्याच कथेत, फसलेल्या सैतानाने पूल खालून ढकलला म्हणून तो मध्ये फुगला, असेही आहे. आणि पूल मध्ये चढून उतरतो हे खरे आहे. सनावळी खोटी, नजर खरी. रकाना भरताना हा भेद करायची सवय ठेवा.

चिणलेल्या बायकांच्या बाबतीत तर फारच जपून. एकच कथानक नावे बदलून इतक्या पुलांवर फिरते, यावरूनच ती एखाद्या घटनेची बातमी नाही हे उघड आहे. फलकावर 'येथे एका स्त्रीला चिणण्यात आले' असे लिहू नका. पण ती कथा गाळूही नका. आर्ताच्या गाण्यात मिस्त्री आपल्या बायकोला पायात उतरवतो, अंगठी पडली आहे ती काढून दे म्हणून. वरून दगड आणि चुना पडू लागतो. ती शाप देते की माझे काळीज थरथरते तसा हा पूल थरथरो. कोणीतरी तिला आठवण देते, तुझा भाऊ परदेशी आहे, उद्या तोही याच पुलावरून येईल. आणि ती शाप फिरवते: डोंगर हलतील तेव्हाच पूल हलो. पूल बांधणारे पुरुष आणि पायात जाणारी बाई, ही वाटणी या कथांमध्ये ठरलेली असते. फलकावर हेही लिहायला धजा.

राहता राहिली अंडी. खरे सांगतो, मला या अंड्यांचा कंटाळा आला आहे. प्रत्येक जुन्या पुलाच्या चुन्यात अंडी होती म्हणे. प्रागच्या १३५७ च्या पुलासाठी गावोगावहून अंडी मागवली, तर वेलवारीच्या लोकांनी वाटेत फुटू नयेत म्हणून ती उकडून पाठवली. हा विनोद म्हणून झकास आहे. त्या चुन्यात प्रथिने आहेत की नाहीत यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही. आसाममधला नामदांगचा दगडी पूल १७०३ मध्ये आहोम राजा रुद्र सिंह याने बांधवला, तिथे चुन्यात तांदूळ, उडीद आणि अंडी घातल्याचे सांगतात. हे सगळे थोतांड म्हणून झटकावे, तर चिकट तांदळाची पेज घातलेला चुना चीनमध्ये खरोखर वापरला जात होता आणि त्यातला स्टार्च प्रयोगशाळेत सापडला आहे. तेव्हा वादच नको. दुरुस्तीपूर्वी चुन्याचे नमुने तुम्ही तपासायला पाठवताच. त्याच नमुन्यात सेंद्रिय पदार्थही तपासायला सांगा. निकाल काही येवो, तो फलकावर येऊ द्या. पुराव्याशिवाय 'आपल्या पूर्वजांचे प्रगत विज्ञान' हे शब्द फलकावर येता कामा नयेत.

एक नवीन रोगही वाढतो आहे. जर्मनीत क्रोमलाउ इथल्या बागेतला राकोट्झ पूल पाहिला असेल. अर्धी कमान वर, अर्धी पाण्यातल्या प्रतिबिंबात, पूर्ण वर्तुळ. एकोणिसाव्या शतकात बागेच्या शोभेसाठी बांधलेला हा पूल. त्याची छायाचित्रे मात्र सैतानाने बांधलेला मध्ययुगीन पूल अशा मथळ्यांखाली फिरतात. अशी उसनी कथा तुमच्या पुलाला चिकटली असेल तर तीही नोंदवा, पण कधीपासूनची आणि कुठून आली यासकट. पर्यटक वाढावेत म्हणून नवी दंतकथा लिहून घेण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला तर कृपया तो फेटाळा. ज्या पुलाला गोष्ट नाही त्याला नाही. एखाद्या पुलाबद्दल कोणाला काहीच सांगावेसे वाटले नाही, ही नोंदही मोलाची आहे. बहुधा तो बांधताना कोणी मेले नसेल.

रकान्यात काय असावे? सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या संमतीने. तो कुठल्या काठावरचा, कारण दोन काठांवर कथा बदलते. पाणी उतरलेल्या काळात सांगितली की पुरात. आणि सर्वांत महत्त्वाचे, सांगणाऱ्याने बोट दाखवलेला नेमका दगड. त्या दगडाला तुमच्या आराखड्यातला क्रमांक द्या आणि छायाचित्र जोडा. त्या दगडावर छिन्नी, पाण्याचा फवारा किंवा वाळूचा मारा करायचा असेल तर वेगळी मंजुरी लागेल असे कलम निविदेतच घाला, नाहीतर ठेकेदाराचा माणूस पहिल्याच दिवशी तो तासून गुळगुळीत करील.

हे काम तुमच्या शाखा अभियंत्याकडून होणार नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या लोकसाहित्याच्या विद्यार्थ्यांना पाहणीच्या दिवशी बरोबर न्या. शिरस्त्राण आणि दोर तेवढे त्यांनाही द्या. आणि म्हाताऱ्या माणसांना नदीकाठी भरउन्हात बोलावू नका. त्यांच्या घरी जा, आराखड्याची मोठी प्रत बरोबर न्या, आणि ती जमिनीवर पसरा, म्हणजे त्यांना बोट ठेवता येईल.

नमुन्यातला हा रकाना पुढच्या पाहणीपूर्वी छापून यावा, ही विनंती. तो मसुदा मी लिहून द्यायला तयार आहे.

आपला,
दगडी पुलांचा एक चाहता